जुनी आलिशान गाडी: कंपनीची सर्टिफाइड, डीलरकडची की थेट मालकाकडची?

बजेट पस्तीस लाखांच्या आसपास आहे आणि मन नव्या एसयूव्हीपेक्षा चार वर्षं वापरलेल्या मर्सिडीज सी-क्लास, बीएमडब्ल्यू थ्री सीरिज किंवा ऑडी ए-सिक्सकडे धावतंय, अशांसाठी हा आढावा. नवी की जुनी या वादात मी फार शिरत नाही. रोजची धाव जास्त असेल, घरात एकच गाडी असेल आणि त्या कंपनीचं वर्कशॉप तुमच्या शहरात नसेल, तर नवी टोयोटा किंवा महिंद्रा घ्या आणि निर्धास्त फिरा. पुढचं बाकीच्यांसाठी.

आधी किमतीचा हिशेब. विमा कंपन्या गाडीची किंमत ठरवताना जो घसारा धरतात, त्यात चौथ्या वर्षात ४० टक्के आणि पाचव्या वर्षात ५० टक्के कापले जातात. बाजारात आलिशान सेडानची किंमत कित्येकदा याहून झपाट्याने उतरते. सत्तर लाखांची गाडी निम्म्यात मिळते ती यामुळे. पण घसारा लागतो तो गाडीच्या किमतीला, सुट्या भागांना नाही. हेडलाइट फुटला तर तो सत्तर लाखांच्या गाडीचाच हेडलाइट असतो, आणि मॅट्रिक्स एलईडीवाला असेल तर बिल लाखापुढे जातं. गाडी चाकणला किंवा शेंद्र्याला जुळवलेली असली, तरी तिचे महागडे भाग परदेशातून येतात आणि कधी कधी आठवडेच्या आठवडे येत नाहीत. या व्यवहारात तुम्ही खरं तर पहिल्या मोठ्या बिलाचा धोका कोणाच्या अंगावर राहणार हे विकत घेत असता. तिन्ही वाटांची तुलना त्यावरच करायची.

कंपनीच्या शोरूममधली

मर्सिडीज-बेंझ सर्टिफाइड, बीएमडब्ल्यू प्रीमियम सिलेक्शन, ऑडी अप्रूव्ड प्लस ही कंपन्यांची आपापली दुकानं. इथे साधारण पाच-सहा वर्षांच्या आतल्या गाड्या येतात: एक्स्चेंजमध्ये आलेल्या, लीज संपलेल्या, शोरूमच्या डेमोसाठी फिरवलेल्या. तपासणीच्या मुद्द्यांची यादी लांबलचक असते. ऑडी तीनशेहून अधिक मुद्दे सांगते. या आकड्याने भारावून जाऊ नका. वायपर चालतो का, हाही एक मुद्दाच असतो. मागायची ती भरलेली तपासणी यादी, तुमच्या गाडीच्या चॅसिस नंबरसह. त्यात काय बदललं आणि काय 'चालेल' म्हणून सोडून दिलं, हे वाचण्यासारखं असतं. टायर निम्मे झिजलेले असूनही पास होतात, कारण निकष कायदेशीर जाडीचा असतो. सहा महिन्यांनी चार टायरचा खर्च तुमच्याच खिशातून जातो. रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे, असतील तर तो अंगावर येतो.

खरा माल म्हणजे वॉरंटी. कालावधी एक ते दोन वर्षं. ब्रोशरवर सगळं छान दिसतं, म्हणून तिथे थांबू नका, वॉरंटी पुस्तिकेतलं 'समाविष्ट नाही' हे पान मागा. ब्रेक पॅड, डिस्क, टायर, बॅटरी, काच, रबरी बुश हे झिजणारे भाग बहुधा बाहेर असतात. एअर सस्पेन्शन, टर्बो, गिअरबॉक्सचं मेकॅट्रॉनिक्स युनिट (गिअर बदलणारा इलेक्ट्रॉनिक भाग), स्क्रीन आणि कॅमेरे आत आहेत का, हे विक्रेत्याकडून ईमेलवर लिहून घ्या. तोंडी 'सगळं कव्हर आहे सर' याला काही अर्थ नाही. सर्व्हिस वेळेवर आणि अधिकृत ठिकाणीच करायची, इंजिनाचं रिमॅपिंग (ताकद वाढवायला सॉफ्टवेअर बदलणं) करायचं नाही, बाहेरून वायरिंग कापून काही जोडायचं नाही, या अटी मोडल्या की दावा फेटाळला जातो.

आता एक गंमत. त्याच आवारात, त्याच दिव्यांखाली, सर्टिफिकेट नसलेल्या गाड्याही उभ्या असतात. आठ वर्षांची एखादी सेडान एक्स्चेंजमध्ये आलेली असते, ती कंपनीच्या निकषात बसत नाही, पण विकायची तर असतेच. तिला डीलर स्वतःची 'वॉरंटी' देतो. म्हणून एकच प्रश्न स्पष्ट विचारा: वॉरंटी कंपनीची की डीलरची? कंपनीची असेल तर तुमच्या गाडीच्या नावाने नोंद निघते आणि ती देशातल्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते. पुण्यात घेतलेली गाडी बंगळुरूला बंद पडली, तर हा फरक कळतो.

डेमो गाडीबद्दल थोडं. किलोमीटर कमी, अवस्था चकचकीत, किंमत मोहात पाडणारी. पण तिला रोज नवा हात लागलेला असतो आणि थंड इंजिनावर ती पळवलेली असते. शिवाय मूळ वॉरंटीचं घड्याळ तुमच्या खरेदीच्या दिवसापासून सुरू होत नाही, ते गाडीच्या पहिल्या विक्री-नोंदणीपासून चालू असतं.

मल्टिब्रँड डीलर

हा सगळ्यात निसरडा भाग. इथे निवड मोठी असते. कंपनीच्या शोरूममध्ये एकाच ब्रँडच्या दहा गाड्या, इथे पोर्श, लेक्सस, रेंज रोव्हर शेजारी-शेजारी. भाव शोरूमपेक्षा थोडा कमी आणि घासाघिशीला वाव जास्त. यांच्या काचेवरही 'सर्टिफाइड'चा स्टिकर असतो, पण तो त्यांनीच छापलेला. वॉरंटी बहुधा एखाद्या तिसऱ्या कंपनीची असते आणि तिच्यात प्रत्येक दाव्याला कमाल रक्कम ठरलेली असते. ती मर्यादा पन्नास हजार असेल, तर गिअरबॉक्ससमोर तिचा उपयोग शून्य.

इथल्या बऱ्याच गाड्या परराज्यातून येतात, त्यातही दिल्लीहून. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध घातले. अंमलबजावणी पुढे-मागे होत राहिली, पण डिझेलची किंमत तिथे पडली ती पडलीच. गाडी चांगली असूही शकते. मात्र तिला तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागते, महाराष्ट्रात नव्याने कर भरावा लागतो आणि तिकडचा उरलेला कर परत मिळवायला चपला झिजतात. डीएल पासिंगची गाडी चार लाख स्वस्त दिसली, तर आधी इथल्या कराचा आकडा काढा. 'बीएच', म्हणजे देशभर चालणाऱ्या भारत सीरिजच्या, नंबरची गाडीही अशीच फसवी. तिचा कर एकरकमी नसून दोन-दोन वर्षांचा भरलेला असतो, म्हणून मूळ मालकाला ती हलकी पडली. तुम्ही बीएच सीरिजला पात्र नसाल, तर इथला नेहमीचा कर तुम्हालाच भरायचा आहे.

आणि पाण्यातून निघालेल्या गाड्या. २६ जुलै २००५ ची मुंबई किंवा डिसेंबर २०१५ चं चेन्नई आठवा. अशा पुरानंतर विमा कंपन्या 'टोटल लॉस', म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही अशा ठरवलेल्या, गाड्या लिलावात काढतात आणि त्यांतल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात. साध्या गाडीत पाणी शिरलं तर ती वाळवता येते. आलिशान गाडीत कंट्रोल युनिट सीटखाली, कार्पेटखाली, डिकीच्या तळाशी बसवलेली असतात. तिथले कनेक्टर हळूहळू गंजतात आणि वर्षभराने डॅशबोर्डवर रोज नवा दिवा पेटतो. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून चिखलाची रेघ दिसते का पाहा, सीटच्या रुळांवर गंज शोधा, डिकीचं कार्पेट उचला. विम्याच्या दाव्यांचा इतिहास मागा. डीलर 'नाही मिळत' म्हणाला तर गाडी सोडून द्या. इतरही आहेत.

थेट मालकाकडून

माझा कल इकडे आहे, पण सरसकट नाही. ओळखीच्या डॉक्टरची, सीएची, गृहसंकुलातल्या शेजाऱ्याची एका हाताची गाडी, अधिकृत वर्कशॉपच्या सगळ्या नोंदींसह मिळाली, तर शोरूम तिच्यापुढे काही विशेष देत नाही.

आकड्यांत बोलू. समजा मालकाने गाडी शोरूमला दिली तर त्याला ३१ लाख मिळतात आणि शोरूम तीच ३७ ला विकतं. मधल्या सहा लाखांत १८ टक्के जीएसटी धरलेला आहे. तो पूर्ण किमतीवर नाही, फक्त मार्जिनवर लागतो. म्हणजे त्या सहांतले साधारण ९२ हजार सरकारचे. उरलेल्यात डेंटिंग-पेंटिंग, सर्व्हिस, वॉरंटीचा खर्च, जागेचं भाडं आणि नफा. तुम्ही मालकाला ३३ दिलेत तर त्याचे दोन लाख वाढले, तुमचे चार वाचले. मालक ते मालक व्यवहारात जीएसटी नाही. डीलरकडे दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएसही (विक्रेत्याने गोळा करायचा कर) घेतला जातो. तो प्राप्तिकरात वळता होतो, पण त्या दिवशी खिशातून जातोच.

प्रश्न एवढाच, की या चार लाखांत तुम्ही स्वतःचं 'सर्टिफिकेट' तयार करू शकता का? बऱ्याच अंशी करू शकता. गाडी त्याच ब्रँडच्या अधिकृत वर्कशॉपला पैसे भरून तपासायला न्या. शक्यतो ती ज्या वर्कशॉपला नेहमी जाते, ते सोडून दुसऱ्या. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. गाडीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या स्कॅनचा छापील अहवाल घ्या. कंपनीच्या संगणकातला सर्व्हिस इतिहास आणि डॅशबोर्डवरचे किलोमीटर जुळतात का बघा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावा. मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनचा असतो. एखाद्या दारावर ३००-४०० दिसले तर तिथे पुटी आहे, आणि मग का, हे विचारायचं. टायरवरचे चार आकडे वाचा: २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. बीएस-सहा डिझेल असेल तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, किती भरलाय ते स्कॅनमध्ये दिसतं. रोज कोथरूड ते डेक्कन एवढीच फिरलेली डिझेल गाडी मी तरी घेणार नाही. तिच्या डीपीएफला साफ व्हायला मोकळा रस्ता मिळालेलाच नसतो. पेट्रोल असेल तर ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) चालतं का, हे पुस्तिकेत किंवा इंधनाच्या झाकणावर बघा.

एवढं झाल्यावर गाडी कंपनीच्या वयोमर्यादेत बसत असेल, तर वाढीव वॉरंटी विकत घेता येते का, हे व्यवहाराआधी विचारायचं. मिळत असेल तर थेट मालकाचा पर्याय सरस. मिळत नसेल तर वाचलेले चार लाख मुदत ठेवीत टाका आणि विसरा. तोच तुमचा दुरुस्ती निधी. ते पैसे जर आताच कर्जाच्या हप्त्यांत अडकणार असतील, तर ही वाट तुमची नाही.

दुसरी मर्यादा कायद्याची. डीलरने फसवलं तर ग्राहक आयोग आहे. ५० लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोग पुरतो. खासगी मालक हा व्यापारी नसतो, तिथे दिवाणी दाव्याशिवाय फारसं काही हाती नाही. बरीच आलिशान वाहनं कंपनीच्या नावावर असतात. तशी असेल तर संचालक मंडळाचा विक्रीचा ठराव मागा, नुसत्या मालकाच्या सहीवर पैसे देऊ नका.

मग कोणी काय घ्यावं

पहिलीच आलिशान गाडी, यंत्रातलं फारसं कळत नाही, पुणे-मुंबई-नाशिकसारख्या शहरात राहता: कंपनीची सर्टिफाइड, तीन वर्षांच्या आतबाहेरची, जादा पैसे देऊन. घरात दुसरी गाडी आहे, ओळखीचा मालक आहे, हाताशी रोख आहे: थेट. मल्टिब्रँड डीलरकडे जायचं ते फक्त एखादं विशिष्ट मॉडेल दुसरीकडे मिळतच नसेल तर, आणि तेही महाराष्ट्र पासिंगचं. सातारा, लातूर, रत्नागिरीकडच्यांनी आणखी एक बघावं: जवळचं अधिकृत वर्कशॉप किती लांब आहे आणि रोडसाइड असिस्टन्स गाडी तिथपर्यंत फुकट उचलून नेतो की ठरावीक किलोमीटरपर्यंतच.

तिन्ही ठिकाणी भाव करताना एक हुकमी पान हातात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या मोठ्या गाड्यांवरचा कर उपकरासह ४५ ते ५० टक्क्यांच्या घरात होता तो ४० वर आला. विक्रेता २०२२ ची ऑन-रोड पावती दाखवून 'एवढ्याला घेतली होती' म्हणेल. त्या पावतीला महत्त्व देऊ नका, आजच्या नव्या गाडीच्या किमतीवरून उलटा हिशेब मांडा.

व्यवहार ठरला की टोकनपेक्षा जास्त रक्कम कागद पूर्ण होईपर्यंत देऊ नका. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५, दोन्ही किल्ल्या (दुसरी किल्ली नव्याने करायला हजारांत खर्च येतो), थकलेले ई-चलन शून्य. विमा १४ दिवसांत नावावर करून घ्यायचा. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, त्यामुळे प्रीमियम वाढलेला दिसेल. झिरो डेप, म्हणजे दाव्यात घसारा न कापणारं कव्हर, घ्याच. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, आणि या गाड्यांचे बंपर प्लास्टिकचेच असतात. फास्टॅग जुन्या मालकाला बंद करायला लावा. आणि डिलिव्हरीच्या दिवशी, त्याच्यासमोरच, त्याच्या फोनमधल्या कंपनीच्या ॲपमधून गाडी काढून टाकायला सांगा. नाहीतर तुमची गाडी कुठे उभी आहे हे त्याला दिसत राहील, आणि काही मॉडेल्समध्ये दारंही उघडता येतील.