जुनी एमएक्स-५ घरी हलकी केली: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव (आणि लिथियम बॅटरीच्या लेबलाबद्दल बरंच काही)

गाडी पहिल्या पिढीची एमएक्स-५ (माझदाची उघड्या छताची छोटी दोन आसनी स्पोर्ट्स कार), १.६ इंजिन, पॉवर स्टिअरिंग नसलेली. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, ते पुन्हा लिहीत नाही. घरच्या घरी, साध्या पान्यांनी आणि फार खर्च न करता तिच्यातून साठेक किलो वजन काढलं. त्यानंतर पाऊस, ऊन, लांबचा प्रवास, रोजची गर्दी असं सगळं झालं. सविस्तर लिहायचं मनात होतंच, पण आज बसले ती बॅटरीमुळे. जवळपास तीन आठवडे उभी राहिलेली गाडी सुरू करायला गेले तर किल्ली फिरवल्यावर काहीही नाही. दिवा नाही, रिलेची टिकटिक नाही. मल्टीमीटर लावला तर टर्मिनलवर चक्क शून्य. साधी लेड-ॲसिड बॅटरी उतरली की स्टार्टर निदान कण्हतो तरी. इथे बॅटरी डिकीत आहे की नाही हेच कळेना.

बॅटरीवर येतेच, आधी बाकीचं.

सुरुवात वजनापासून करा. ट्रकच्या वजनकाट्यावर गाडी ९७० किलो भरली. पण असे काटे दहा-वीस किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतात, त्यामुळे एखादी वस्तू काढून पुन्हा काट्यावर जाण्यात अर्थ नाही. काढलेली प्रत्येक वस्तू मी बॅगा मोजायच्या ताणकाट्याला टांगली आणि वहीत लिहिली. वहीत तीनच रकाने होते: किती किलो, किती खर्च, आणि वजन गाडीच्या कुठल्या भागातून गेलं. तिसरा रकाना सर्वांत उपयोगी पडला.

स्टेपनी, जॅक आणि पाने मिळून तेरा किलो. खर्च शून्य. स्टेपनीच्या जागी पंक्चरचं किट आणि छोटा पंप आला, लांब जायचं असेल तेव्हा स्टेपनी परत ठेवते. एसीचा कॉम्प्रेसर, कंडेन्सर, पाइप आणि ड्रायर मिळून अठरा किलो. हे करणार असाल तर गॅस मशीनने काढून घ्या, नळी सैल करून हवेत सोडू नका. सुरुवातीच्या गाड्यांमध्ये आर-१२ आहे. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ज्याचं उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबवलं गेलं तो हाच, ओझोनचा थर खाणारा गॅस. मागचा मूळ मफलर हातात घेतला की कळतं किती लोखंड आहे ते. स्टेनलेस स्टीलचा हलका मफलर बसवून अकरा किलो वाचले. ड्रायव्हरची सीट बदलली, फायबरग्लासची वापरलेली बकेट सीट मिळाली, रेल धरून सहा किलोंचा फायदा. मूळ सीटच्या हेडरेस्टमधले स्पीकर गेले, त्याचं थोडं वाईट वाटतं. कार्पेटखालचे थर आणि डिकीतले पुठ्ठे मिळून चार किलो. आणि बॅटरी बदलून नऊ.

चाकांना हात लावला नाही. सात आऱ्यांची मूळ चौदा इंची अलॉय चाकं माझ्या ताणकाट्यावर प्रत्येकी साडेपाच किलोच्या आसपास भरतात. दिसायला झकास म्हणून लोक पंधरा-सोळा इंची चाकं घालतात, ती बहुतेक जास्त जड निघतात, आणि मग तीच माणसं डिकीतले पुठ्ठे काढत बसतात. चाकाच्या कडेचा एक किलो पुढेही जातो आणि फिरतोही. वेग घेताना तो जवळपास दोन किलोंइतका भारी पडतो, शिवाय स्प्रिंगच्या खालचं वजन असल्यामुळे खड्ड्यात त्रास वेगळाच. बॉनेट कारखान्यातूनच ॲल्युमिनियमचं आहे आणि गिअरबॉक्सला डिफरन्शियलशी जोडणारा लांब सांगाडाही ॲल्युमिनियमचा. १९८९ मध्ये ज्यांनी ही गाडी बाजारात आणली त्यांनी ग्रॅम मोजूनच काम केलं होतं. त्यांनी जिथे लोखंड ठेवलं तिथे बहुधा कारण आहे. म्हणून दारातल्या आडव्या सळ्या, बंपरमागचा बीम, सबफ्रेमचे ब्रेस आणि सीटबेल्टशी संबंधित कुठलीही गोष्ट काढू नका. त्यातून वाचणारे चार किलो माझ्या वहीत लिहायच्या लायकीचे नाहीत.

चालवताना काय फरक पडला? ९७० वरून ९१५ वर आलेली गाडी (आकडा ९१० वरून ९१५ का झाला ते पुढे येईल) म्हणजे दर किलोमागे ताकद सहा टक्क्यांनी वाढली. ११५ अश्वशक्तीच्या इंजिनात सात अश्वशक्तीची भर टाकल्यासारखं, तेही इंजिन न उघडता. पण इंजिनाची ताकद वाढवून जे मिळत नाही ते ब्रेकला मिळतं. कुठल्याही वेगावरून थांबताना ब्रेकना सहा टक्के कमी उष्णता झेलावी लागते. उताराच्या लांब वळणदार रस्त्यावर हे पायाला कळतं. पेट्रोलची बचत मात्र विचारू नका. गर्दीत थोडी जाणवते, मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात जवळजवळ नाही. तिथे इंजिन वजनापेक्षा वाऱ्याशी जास्त झगडतं, आणि छत उघडं असेल तर अधिकच.

आता तिसरा रकाना. स्टेपनी, मफलर आणि बॅटरी हे सगळं मागच्या बाजूचं वजन. तेहेतीस किलो एकाच टोकाकडून गेले. पहिल्या दिवसांत गाडी वळणात इतकी चटकन शिरायची की मी खूश होते. मग पावसात मागचा भाग अस्वस्थ वाटू लागला. पट्टी लावून मोजलं तर मागची उंची सेंटीमीटरभर वाढलेली. वजन गेलं की स्प्रिंग उलगडते, आणि डबल विशबोन सस्पेन्शनमध्ये उंची बदलली की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि टो (चाकाचं तोंड आत-बाहेर वळणं) दोन्ही बदलतात. अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे हे कोन पुन्हा जुळवून घेतल्यावर आणि नंतर पुढून एसी निघाल्यावर गाडी पुन्हा सरळ मनाची झाली. वजन कमी करण्याबद्दल लिहिणारे किलोंच्या याद्या देतात आणि अलाइनमेंटचा उल्लेखही करत नाहीत, याचा मला खरंच राग येतो. तो खर्च पहिल्या दिवसापासून हिशोबात धरा.

कार्पेटबद्दलचं माझं मतही मधल्या काळात बदललं. आवाज सहन होतो, पण गिअरबॉक्सच्या बोगद्यावरून येणारी धग तासाभराच्या प्रवासात पोटरी भाजते. बोगद्यावरचा थर परत घातला, दीड-दोन किलो परत आले, आणि मला त्यांचं काहीच वाटत नाही.

आता बॅटरी.

कारखान्याने या गाडीला डिकीत, नळीने बाहेर हवा सोडणारी छोटी सीलबंद बॅटरी दिली होती. माझ्या गाडीत आधीच्या मालकाने तेरा किलोची मोठी एजीएम (सीलबंद लेड-ॲसिडचाच एक प्रकार) बसवलेली होती. तिच्या जागी चार किलोची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. वहीतल्या सगळ्या वस्तूंमध्ये किलोमागे सर्वांत जास्त पैसे हिच्यावर गेले, पण पहिले काही आठवडे मी सगळ्यांना हिचंच कौतुक सांगत होते. स्टार्टर असा फिरायचा की इंजिन नवं वाटावं.

लेबलवर मोठ्या अक्षरांत ३६ अँपिअर-तास लिहिलंय, म्हणजे एक अँपिअर करंट ३६ तास पुरेल एवढी साठवण. खाली, नखाएवढ्या अक्षरांत, १५४ वॅट-तास. आता १५४ ला १२.८ व्होल्टने (अशा बॅटरीचा ठरलेला व्होल्टेज) भागा. बारा. बॅटरीची खरी क्षमता बारा अँपिअर-तास आहे. ३६ हा 'लेड-ॲसिडच्या तुलनेत' काढलेला आकडा, आणि तुलना फक्त इंजिन सुरू करण्यापुरती. ती तुलना खोटी नाही. स्टार्टर दीडशे अँपिअर दोन सेकंद ओढतो असं धरलं तर एका स्टार्टला अँपिअर-तासाचा दहावा हिस्साही लागत नाही, तेवढं ही बॅटरी हसत देते. पण गाडी उभी असताना रेडिओ आणि ईसीयूची (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची) मेमरी जे थेंब थेंब पिते त्याला तुलना कळत नाही. माझ्या गाडीचा उभ्याचा ड्रेन ३० मिलिअँपिअर आहे, या वयाच्या गाडीला अगदी निरोगी. दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. खऱ्या ३६ ला पन्नास दिवस पुरले असते. बाराला सोळा.

त्यात भर म्हणजे ही बॅटरी आधी सांगत नाही. लेड-ॲसिडचा व्होल्टेज १२.७ वरून १२ कडे सरकताना आठवडाभर आधी कळतं. लिथियम बराच काळ १३.२ च्या आसपास स्थिर राहते आणि मग एकदम कोसळते. आतलं संरक्षक सर्किट सेल वाचवण्यासाठी जोडणीच तोडतं, म्हणून मल्टीमीटरवर शून्य. ते सर्किट त्याचं काम बरोबर करतंय. माझं भांडण लेबलाशी आहे.

विक्रेत्याचं पहिलं उत्तर आलं: अतिडिस्चार्ज, वॉरंटीत बसत नाही. दुसरं: जुन्या गाडीचा अल्टरनेटर जास्त व्होल्टेज देत असणार. मी इंजिन गरम करून मोजलं, दिवे बंद असताना १४.२, दिवे आणि पंखा चालू असताना १३.९. आकडे फोटोसकट पाठवले. ड्रेनचाही फोटो पाठवला. तिसरं उत्तर: '३६ हा समतुल्य आकडा आहे, जाणकार ग्राहकांना हे माहीत असतं.' या वाक्याने माझं डोकं फिरलं. ग्राहकाला माहीत असतंच तर मग बारा हा आकडा मोठ्या अक्षरांत छापायला हरकत काय? मी हा प्रश्न विचारत राहिले, ते टाळत राहिले. लिथियम मोड असलेल्या चार्जरने मधल्या काळात मी बॅटरी जागी केली, पण ती पुन्हा पूर्वीसारखी टिकेना. एखादा सेल मागे पडला असावा. भरपूर पत्रव्यवहारानंतर बदली बॅटरी आली. लेबल तेच.

बदली बॅटरीसोबत निगेटिव्ह टर्मिनलवर कट-ऑफ स्विच लावून पाहिला. उभ्याचा ड्रेन संपला, पण दर वेळी रेडिओचं घड्याळ लावा, आणि ईसीयू शिकलेलं विसरल्यामुळे पहिली काही मिनिटं आयडल वरखाली. शिवाय शून्य अंशाखालच्या थंडीत या सेलना चार्ज करणं घातक आहे, म्हणजे थंड प्रदेशात आणखी एक काळजी. चार किलोच्या डब्यासाठी स्विच, वेगळा चार्जर आणि तारखा लक्षात ठेवणं. नाकापेक्षा मोती जड.

शेवटी २८ अँपिअर-तासांची सीलबंद एजीएम बसवली, साडेनऊ किलोची. २८ म्हणजे २८. गाडी महिनाभर उभी राहू शकते. लिथियमपेक्षा साडेपाच किलो जास्त, त्यात कार्पेटचा परत आलेला थर, म्हणून वहीतला आकडा साठेकवरून पंचावन्नच्या आत आला. हे साडेपाच किलो म्हणजे किती ते सांगते: पेट्रोल लिटरमागे पाऊण किलोच्या जवळ भरतं, म्हणजे साडेसात लिटर. टाकी ४५ लिटरची आहे. वळणांच्या रस्त्यावर जायच्या दिवशी मी टाकी अर्धी ठेवते आणि सोळा किलो फुकट वाचतात. लिथियमने जितकं वाचवलं त्याच्या जवळपास दुप्पट, एक पैसा न देता.

रोज धावणाऱ्या किंवा फक्त ट्रॅकवर नेऊन परत चार्जरला लावायच्या गाडीसाठी लिथियम चांगलीच आहे, हे मी भांडण बाजूला ठेवून लिहिते. आठवडे उभ्या राहणाऱ्या जुन्या गाडीसाठी ती घेण्याआधी ड्रेन मोजा. दारं बंद, किल्ली बाहेर, निगेटिव्ह केबल काढून मीटर मालिकेत जोडा, दहा अँपिअरच्या सॉकेटमध्ये. दहा मिनिटं थांबून आकडा वाचा आणि तेवढ्यात चुकूनही स्टार्टर फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. मग दुकानात लेबल उलटून वॅट-तास शोधा, १२.८ ने भागा, आणि आलेल्या आकड्याला आपल्या दिवसाच्या ड्रेनने भागा. तो आकडा तुमच्या गाडीच्या नेहमीच्या उभ्या राहण्याच्या दुप्पट असेल तरच पैसे काढा. आणि डिकीत लेड-ॲसिड परत बसवत असाल तर हवेची नळी जोडायला विसरू नका. मूळ नळी माझ्या गाडीत मागच्या कार्पेटखाली दुमडून पडली होती.