पद्मिनीचा डुप्लिकेट कार्बोरेटर, दिवाळी ते जून: माल बरा, पॅकिंगवर बोलतो

कार्बोरेटर (इंजिनला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारा भाग) ज्याच्यावर बसतो ती जाड पॅकिंग डब्यात का नाही, असं विचारलं होतं. विक्रेत्याचं उत्तर एकदाचं आलं: "सर, जाड पॅकिंग सेटमध्ये येत नाही, वेगळी घ्यावी लागेल, ४५० रुपये." साडेतीन हजार घेतले आणि डब्यात कागदाचं एक पातळ गास्केट टाकून मोकळे. म्हटलं दिवाळीपासून वापरतोय, आता सगळंच लिहून टाकू.

गाडी ८६ ची प्रीमियर पद्मिनी. जुन्या सोलेक्सची (तिचा मूळ कार्बोरेटर) थ्रॉटल शाफ्ट, म्हणजे रेस दाबली की फिरणारा दांडा, बोटानं हलवली तरी खुळखुळायची, तिथून हवा ओढायची, त्यामुळे स्लो (रेस न दाबता इंजिन चालत राहणं) काही केल्या लागायचा नाही. सिग्नलला एक पाय कायम रेसवर. तुमचंही असंच असेल तर चालू इंजिनवर शाफ्टच्या टोकाला डब्ल्यूडी-४० चा फवारा मारून बघा, आवाज बदलला की बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) गेलं समजा, उगाच मिक्श्चरचा स्क्रू फिरवत बसू नका.

बुश टाकून जुनाच चालवायचा विचार होता, पण लेथवाला "बघू, दिवाळीनंतर या" म्हणाला आणि आपल्याकडं दिवाळीनंतर म्हणजे होळी. दुसरा उपाय मारुती ८०० चा मिकुनी, खाली अ‍ॅडॅप्टर प्लेट लावून. मित्राच्या गाडीला बसवलाय, तो खूष आहे, पण तो कार्बोरेटर ७९६ सीसीसाठी बनलेला, आपलं इंजिन १०८९ चं, म्हणजे जेटशी (पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा) खेळणं आलं, रेसची लिंकेज वेल्डिंग करून जुळवणं आलं, आणि ते सगळं करून परत मिस्तरी म्हणणार "थोडं सेटिंग बाकी आहे". म्हणून सोलेक्सचीच नवीन कॉपी ऑनलाइन मागवली.

थंडीत काय चालली भो! चोक अर्धा ओढला की एका सेल्फमध्ये चालू, स्लो एकदम शांत, अ‍ॅव्हरेज १२ वरून १४ च्या आसपास. जानेवारीत लिहिलं असतं तर पाच तारे दिले असते.

मग आपला उन्हाळा आला. जळगावात पारा ४४ ला, त्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून वर चहाला थांबलो आणि नंतर गाडी चालूच होईना. बॉनेट उघडलं तर पेट्रोलचा भपका. कार्बोरेटरवर ओलं फडकं टाकलं, रेस पूर्ण दाबून धरली (पंप करायची नाही, नुसती दाबून धरायची) आणि सेल्फ मारला, तेव्हा काळा धूर सोडत उठली. पुढं हे रोजचंच झालं, बाजारात दहा मिनिटं थांबलं तरी हीच कटकट. विक्रेत्याला फोन केला तर "सर, गाडी जुनी आहे तुमची." अहो जुनी आहे म्हणूनच तर तुमच्याकडं आलो ना!

आमच्या धुळ्याच्या मिस्तरीनं बघितलं आणि हसला. "भाऊ, कार्बोरेटर खराब नही शे, पॅकिंगच नही शे." जुन्या सोलेक्सखाली बोटाएवढी जाड बेकलाइटची पॅकिंग असायची, ती इंजिनची उष्णता वर चढू देत नाही. इथं ॲल्युमिनियमवर कागद आणि कागदावर कार्बोरेटर, तव्यावर पातेलं ठेवल्यासारखं. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, वारा थांबतो, सगळी उष्णता वर चढते, फ्लोटच्या भांड्यात (कार्बोरेटरमधला पेट्रोलचा छोटा साठा) असलेलं पेट्रोल उकळून खाली गळतं आणि इंजिन फ्लड होतं, म्हणजे जास्त पेट्रोलनं गुदमरतं. आणि पंपावर आता सगळीकडं इ-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्यातलं इथेनॉल ७८ अंशाला उकळतं, म्हणजे उकळायला जड नाहीच.

विक्रेत्याकडून पॅकिंग घ्यायची नाही हे तर ठरलेलं. एमआयडीसीतल्या एकाकडून हायलम शीटचा (बेकलाइटसारखी कडक शीट) ८ मिलिमीटरचा तुकडा घेतला, जुन्या गास्केटवरून छापा काढला, भोकं पाडून घेतली, दीडशेत काम झालं. हां, स्टड आखूड पडतात, लांब घ्या. एअर क्लीनर बॉनेटला लागत नाही ना तेही आधी बघा, लिंकेजही थोडी वर घ्यावी लागते. त्यानंतर मे महिन्यात भर दुपारी भुसावळला जाऊन आलो, स्टेशनबाहेर अर्धा तास उभी होती, नेहमीसारखी चालू झाली.

म्हणजे मुळात माल बरा आहे. फक्त जेटवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. हा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, १२० म्हणजे १.२० मिमी. माझ्या दोन्ही जेटवर १२० च छापलंय, पण जुनं पितळी जेट नवीन बॉडीत टाकलं तर पिकप लगेच सुधारला, मग कॉपीतलं भोक कसं पाडलंय ते तुम्हीच समजा. इ-२० वर मिक्श्चर आधीच लीन (हवेच्या मानानं पेट्रोल कमी) होतं, त्यात जेट बारीक म्हणजे कल्याणच. जुना कार्बोरेटर भंगारात देऊ नका, जेट काढून ठेवा.

आता पावसाळ्यात गाडी आठवडा-आठवडा उभी राहते. इथेनॉल पाणी ओढतं, फ्लोटच्या भांड्यात पांढरी भुकटी जमते, म्हणून उभी करण्याआधी टाकीकडून इंजिनच्या पेट्रोल पंपाला येणारी नळी काढून भांडं रिकामं होईपर्यंत इंजिन चालू ठेवतो. ती नळीही बदला, जुन्या रबराची असेल तर इ-२० नं फुगून मऊ पडते. नळीला साठ रुपये गेले, ते मी या कार्बोरेटरच्या हिशोबात धरलेले नाहीत.