गल्लीतला दवाखाना, आरोग्य केंद्र की थेट सांगली-मिरज?

रात्री अकराला आण्णांच्या छातीत जळजळ सुरू झाली. "पित्त झालंय, सोडा दे जरा," म्हणाले. वर पंखा फुल होता, तरी बनियन घामानं चिंब. तो घाम हार्ट अटॅकचा आहे हे कळायला आम्हाला तास लागला. मग जवळचा म्हणून गल्लीतला दवाखाना गाठला, तर तिथं ईसीजीचं मशीनच नव्हतं. मिरजेला पोचेपर्यंत अडीच वाजले. आण्णा वाचले, पण ती रात्र मी विसरलेलो नाही.

साधा ताप, खोकला, जुलाब असेल तर आपला नेहमीचा डॉक्टरच बरा. त्याला तुमची शुगर, बीपी, गोळ्या सगळं माहीत असतं. सिव्हिलला गेलात तर आधी गंभीर पेशंट बघतात, तुम्ही ताटकळत बसता. लहान मुलांचं मात्र वेगळं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला, किंवा मूल मलूल पडलं आणि सहा-आठ तास लघवीच झाली नाही, तर सकाळची वाट बघू नका.

ऊसतोडीत कोयता लागला, टाके किंवा धनुर्वाताचं इंजेक्शन हवंय, कुत्रं चावलंय, तर प्राथमिक आरोग्य केंद्र. चावलेली जागा आधी नळाखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना काही भरू नका. साप चावला तरी आधी तिथंच फोन करून सापाच्या विषावरची लस आहे का विचारा. लस लवकर सुरू होणं महत्त्वाचं, पुढं मोठ्या दवाखान्यात पाठवतात. मण्यार चावल्याची खूण कित्येकदा दिसतही नाही. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठला आणि पापण्या जड झाल्या, तर मण्यारच समजून निघा. दोरी आवळू नका, चिरा देऊ नका.

छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, धाप लागणं: यात मधे कुठंच थांबू नका. लकव्यात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावरच. म्हणजे जिथं स्कॅन नाही, तिथं गेलेला अर्धा तास वायाच. 108 ची गाडी फुकट येते, त्यात डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो. ती येईपर्यंत दवाखान्याला फोन लावून स्कॅन चालू आहे का विचारा, आणि रोजच्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका.