सॉयर स्क्वीझ: पाणी चोख, पण थंडीचं वावडं

सॉयर स्क्वीझ हा डोंगरवाटेवर पाणी गाळायचा फिल्टर. वजन जेमतेम 85 ग्रॅम, मुठीत मावेल एवढा आकार, आत पोकळ तंतूंची जुडी. तंतूंची छिद्रं 0.1 मायक्रॉनची, त्यामुळे जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम हे परजीवी आणि पोट बिघडवणारे जिवाणू अडतात. विषाणू मात्र अडत नाहीत, विरघळलेली रसायनंही नाहीत. वस्तीच्या किंवा गर्दीच्या मुक्कामाच्या खालच्या ओढ्यातून पाणी घ्यायचं तर नुसता हा फिल्टर पुरत नाही, जोडीला पाणी निर्जंतुक करणाऱ्या क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या हव्यात.

याची खरी परीक्षा रात्री होते. एकदा भिजलेल्या तंतूंमध्ये थोडं पाणी राहतंच. कितीही झटकलं तरी राहतं. ते गोठलं की फुगतं आणि तंतूंना चिरा पाडतं. सकाळी फिल्टर वितळतो, पाणी झकास येतं, उलट जरा जास्तच वेगाने येतं, आणि इथेच माणूस फसतो. तंतू शाबूत आहेत की नाहीत हे ओळखण्याची खात्रीची युक्ती कंपनीकडेही नाही. गोठल्याची शंका आली तर बदला, एवढंच ती सांगते. म्हणून अंधार पडला की फिल्टर झिपच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगमध्ये, पायाशी नव्हे तर पोटाशी. वाऱ्याच्या खिंडीतून जाताना दिवसाही तो जाकिटाच्या आतल्या खिशात असावा, सॅकच्या बाहेरच्या जाळीत नाही.

दुसरं दुखणं हिमनदीच्या पाण्याचं. त्या दुधाळ पाण्यातली दगडाची पूड इतकी बारीक असते की दोन-तीन लिटरांतच धार बारीक होते. अशा वेळी फिल्टरला लावलेली कच्च्या पाण्याची पिशवी जोर लावून पिळू नये, शिवण उसवते. कडेने येणारा स्वच्छ झरा मिळाला तर उत्तम. नाहीतर पाणी पहाटे भरावं. दुपारी बर्फ वितळून प्रवाह वाढतो, गाळही वाढतो. रात्रभर भांड्यात निवळू दिलेलं वरचं पाणी फडक्यातून ओतून घेतलं की फिल्टरवर बराच कमी ताण येतो.

धार मंदावली की सोबतच्या सिरिंजने गाळलेलंच पाणी उलट्या दिशेने दाबून मारायचं, तेही झटक्याने. हळू मारलं तर पाणी मोकळ्या तंतूंतून निघून जातं आणि तुंबलेले तसेच राहतात. सिरिंज नेण्याचा कंटाळा असेल तर दाबून उघडणाऱ्या टोपणाची बाटली फिल्टरच्या तोंडाला लावून पिळली तरी भागतं.

आटे 28 मिलिमीटरचे, म्हणजे साध्या पाण्याच्या बाटलीवरही बसतात. ही याची मोठी जमेची बाजू. सोबतची पिशवी फाटली तरी अडत नाही. पण आतला रबरी वॉशर बारकाईने बघा. फार आवळलं की तो चेपतो, मग कच्चं पाणी फिल्टरच्या बाहेरून ओघळत थेट स्वच्छ बाटलीत. पोट बिघडलं की दोष तंतूंना दिला जातो, पण पुष्कळदा चोर हा ओघळ असतो. एक जादा वॉशर सोबत ठेवावा.

डोंगरात पळणाऱ्यांसाठी कॅटाडिन बीफ्री हा दुसरा फिल्टर जास्त सोयीचा. तो 42 मिलिमीटर तोंडाच्या मऊ बाटलीत बसतो, नवा असताना धार मोठी, ओढ्यावर थांबणं मिनिटाचं. मात्र त्याला उलटं पाणी मारता येत नाही, फक्त पाण्यात हलवून धुवायचा, त्यामुळे गाळाच्या पाण्यात तो लवकर मान टाकतो. आयुष्यही सुमारे 1000 लिटर. गोठण्याचं भय दोघांनाही सारखंच.

अनेक दिवसांच्या चालीला स्क्वीझच घ्यावा. फिल्टर दगावला तर उकळण्याचा मार्ग आहेच: 5000 मीटरवर पाणी साधारण 83 अंशांनाच उकळतं, तरी 3 मिनिटं खळखळू दिलं की पुरतं. गोळ्यांवर विसंबायचं तर क्रिप्टोस्पोरिडियमसाठी थंड पाण्यात 4 तास धरा, तेव्हा त्या संध्याकाळीच टाकलेल्या बऱ्या.