जीपार्टेडनं सी ड्राइव्ह वाढवली, त्याला आठ महिने झाले

आमच्या घरच्या कॉम्प्युटरची 1 टीबीची हार्ड डिस्क (विंडोजमध्ये ती 931 जीबी दिसते) दुकानदारानं चार भाग पाडूनच दिली होती. सीला 100 जीबी, डी आणि ई 300-300, उरलेली एफ. मार्केट यार्डातल्या आमच्या गुळाच्या अडतीचे टॅलीचे हिशेब आणि जोतिबाच्या यात्रेचे वर्षानुवर्षांचे फोटो डीवर. सी मात्र कायम भरलेली, लाल. शेवटी विंडोजचं अपडेटही जागेअभावी अडकलं.

आधी विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये डी श्रिंक, म्हणजे लहान, करून 100 जीबी मोकळी केली. तरी सीवरचं ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ पुसटच. मोकळी जागा डीच्या पलीकडच्या टोकाला निघाली होती. बांध सरकवायचा तर लगतचीच पट्टी हवी, पल्याडची काय कामाची? अख्खी डी उजवीकडे ढकलायला हवी होती, आणि डिस्क मॅनेजमेंटला ते जमत नाही.

म्हणून जीपार्टेड, डिस्कचे भाग लहानमोठे करायचं आणि सरकवायचं सॉफ्टवेअर. फुकट आहे, पेन ड्राइव्हवरून सुरू होतं. मला सगळ्यात आवडलं ते हे, की बदल नुसते यादीत लागतात. ‘अप्लाय’ दाबेपर्यंत डिस्कला हात लागत नाही. आमची डिस्क भाग नोंदवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीची. तीत प्रायमरी (मुख्य) पार्टिशन, म्हणजे भाग, चारच बसतात, आणि आमच्या डी, ई, एफ एका एक्स्टेंडेड पार्टिशनच्या पोटात होत्या. डी सरकवली तरी जागा त्या पोटातच राहते! आधी डी, मग एक्स्टेंडेडची डावी कड, मग सी, हा क्रम कळायला माझा एक रविवार गेला. विंडोजचं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा, नाहीतर विंडोज पुरतं बंद होत नाही आणि जीपार्टेड त्या पार्टिशनला हात लावत नाही.

सरकवायला साडेचार तास लागले. मध्येच लाइट गेली तर डीवरचं सगळं पणाला, म्हणून पावसाळ्याची वाट न बघता मार्चमध्येच उरकलं, तेही यूपीएस लावून आणि सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेऊन. आई दर अर्ध्या तासानं विचारायची, “झालं का रे?”

दुसऱ्या दिवशी बाबांची टॅली डेटा सापडत नाही म्हणाली. पोटात गोळा आला. पण डेटा जागेवरच होता. डीचं अक्षर बदलून जी झालं होतं. एमबीआर डिस्कवर पार्टिशन कुठून सुरू होतं यावरून विंडोज त्याचं अक्षर लक्षात ठेवतं. डिस्क मॅनेजमेंटमधून पुन्हा डी दिलं, टॅली उघडली.

तेव्हापासून एकदाही कुरकुर नाही. सीवर आज 80 जीबी मोकळी आहे, अपडेट अडत नाहीत. कॉम्प्युटरचा वेग मात्र होता तेवढाच आहे, त्यासाठी हा खटाटोप करू नका. आणि डीवर ठेवलं म्हणजे सुरक्षित, हे आमच्या घरातही सगळे मानायचे. डिस्क एकच, गेली तर चारही जातील. आता बाहेरची डिस्क अडतीच्या कपाटात असते. बाबा दर शनिवारी ती घरी आणतात, मी बॅकअप घेतो आणि सोमवारी ती परत जाते.