मोवरच्या पात्यांचे नट आणि म्हापशातलं आटे मोजून नट देणारं दुकान

गोव्यात मोरजीला एका प्रॉपर्टीचं लॉन मी बघतो, तिथे बसून चालवायचा अमेरिकन बनावटीचा मोवर (गवत कापायचं यंत्र) आहे, ४२ इंची डेक (पात्यांवरचं पत्र्याचं झाकण), खाली दोन पाती. दोन्ही पात्यांचे नट बदलायचे होते आणि त्यासाठी मी जेवढा फिरलो तेवढं कुणाला फिरायला लागू नये म्हणून हे लिहितोय.

समुद्र जवळ, त्यात पाऊस, आणि कापलेलं ओलं गवत डेकच्या आत चिकटून राहतं, त्यामुळे नट गंजून जाम झालेले आणि आधी कोणीतरी चुकीचा पाना लावून कोपरे गोल करून ठेवलेले. रस्टोलिन (गंज सोडवायचा स्प्रे) मारून रात्रभर ठेवलं, सकाळी सहा कोनी गोटी (सॉकेट) हातोडीने ठोकून बसवली आणि लांब पाइप लावून काढले एकदाचे. गॅसने तापवा असं सगळे सांगतात, पण वर लगेच बेअरिंग आहे, त्याचं सील आणि ग्रीस जळतं, म्हणून मी तापवलं नाही.

मग एका दुकानात गेलो (नाव घेत नाही), त्याने जुना नट हातात घेऊन नुसता बघितला आणि एम १६ चे बारीक आट्याचे दोन नट दिले, म्हणाला बसतात. दोन-तीन आटे हाताने छान गेले, पुढे जड झाले, मला वाटलं नवा नट आहे म्हणून जड जातोय, पाना लावून आवळले. दहा-बारा दिवसांनी गवत कापताना मशीन थरथरायला लागलं, बंद करून खाली बघतो तर एका बाजूचं पातं हाताने हलत होतं! नट आट्यातच अडकलेला, पात्यापर्यंत नीट पोचलाच नव्हता. नट घट्ट झाला म्हणजे पातं घट्ट झालं असं नसतं, हे तेव्हा कळलं. पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांपर्यंत असू शकतो, म्हणजे ताशी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्या लॉनवर लोकांची मुलं खेळतात. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी आख्खं स्पिंडल (ज्या दांड्यावर पातं बसतं तो भाग) खोलून पिशवीत घातलं आणि म्हापशाला गेलो. मार्केटच्या मागच्या गल्लीत हे दुकान आहे, बाहेर दोर आणि साखळ्या टांगलेल्या असतात. काउंटरवरचे काका वयस्कर आहेत, त्यांनी नट दाखवा असं म्हटलंच नाही, आधी स्पिंडल मागितलं. ब्रशने आटे साफ केले, पात्यापात्यांचं थ्रेड गेज काढून एकेक लावून बघितलं, मग व्हर्नियर लावला. "पाच सुताचा दांडा आहे, इंचाला अठरा आटे. तुम्हाला दिलेला मिलिमीटरचा. हो नट हाका बसचो ना." मग कागदावर लिहून दाखवलं. पाच सूत म्हणजे इंचाचे पाच अष्टमांश, १५.८८ मिलिमीटर आणि एम १६ म्हणजे १६, जाडीत फरक डोळ्याला दिसतच नाही, पण आट्यांमधलं अंतर एकाचं १.४१ आणि दुसऱ्याचं १.५, म्हणून दोन-तीन आटे जातो आणि मग अडकतो. जुना ब्रिटिश पाच सुती नटही चालत नाही, त्याला इंचाला ११ नाहीतर १४ आटे असतात.

मी स्टेनलेसचे मागितले, गंज नको म्हणून. काका म्हणाले, पात्याला नको, साधं ३०४ स्टेनलेस या कामाला कमी पडतं. त्यांनी रुंद कडेचे फ्लँज नट दिले, कडक ग्रेडचे. स्पिंडलचे दोन आटे मेलेले होते तिथे डाय (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ करून दिलं, त्याचे पैसे वेगळे घेतले नाहीत. दोन नटांचे दीडशे रुपये.

बसवताना चावी काढली, प्लगची वायर काढली, डेकखाली लाकडी ठोकळे दिले (नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालू नका, कृपा करून), आणि पातं फिरू नये म्हणून पातं आणि डेकच्या मध्ये लाकूड अडकवलं. पात्याचे वळलेले पंख डेककडे, वर. मधलं चांदणीसारखं भोक स्पिंडलवर पूर्ण बसलंय ना ते बघून मगच नट. आमच्या मशीनच्या पुस्तिकेत नट ७० ते ९० फूट-पाउंडने आवळा असं दिलंय, टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) नसेल तर अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला साधारण बावीस किलोचा जोर. साडेसात सुती गोटी लागते, २४ ची थोडी ढिली बसते आणि त्यानेच कोपरे जातात. आटे कोरडेच ठेवले, आवळून झाल्यावर बाहेरून ग्रीस फासलं, खाऱ्या हवेसाठी.

दुकानाबद्दल तक्रारी आहेत. एक ते चार बंद असतं, मी दीडला पोचलो आणि अडीच तास बाहेर थांबलो. शुक्रवारी बाजाराच्या गर्दीत तर गाडी लावायला जागाच नाही. बिल मागितल्याशिवाय देत नाहीत. तरी माझे पाचपैकी साडेचार, कारण मोजल्याशिवाय नट द्यायचा नाही ही त्यांची सवय मला दुसऱ्या कुठल्या काउंटरवर दिसली नाही.

परवा परत गोटी लावून बघितली, दोन्ही नट जागचे हलले नाहीत. चवथीनंतर नवी पाती घालायची आहेत, तेव्हा नटही नवेच, काकांना दोन बाजूला काढून ठेवायला सांगून आलोय.