जुना वी यू घ्यावा, की तेच गेम स्विचवर?

ऑफिसातल्या एका मित्राला ओळखीतून जुना वी यू, म्हणजे निंटेंडोचं टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन, मिळतोय, सोबत सहा डिस्क. ‘घेऊन टाकू, की तेच गेम स्विचवर खेळू?’ असं त्यानं विचारलं. (स्विच म्हणजे निंटेंडोचंच त्यानंतरचं मशीन, टीव्हीवरही चालतं आणि हातातही.) डबा खाताखाता जे सांगितलं तेच जरा सविस्तर लिहितोय. माझ्याकडे दोन्ही आहेत, म्हणजे काही गेमचे पैसे मी दोनदा मोजलेत. तेव्हा बोलायचा हक्क थोडाफार आहे.

वी यू आपटला, यात वाद नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात आला, २०१७ च्या सुरुवातीला उत्पादन बंद, आणि सगळे मिळून खपले साधारण १ कोटी ३५ लाख. नाव असं की कित्येकांना तो आधीच्या ‘वी’ या मशीनचाच एखादा जोडभाग वाटला. पण त्यावरचे गेम पडेल नव्हते. ‘मारिओ कार्ट ८’ तिथे ८४ लाखांच्या आसपास थांबला. तोच एप्रिल २०१७ मध्ये ‘डिलक्स’ होऊन स्विचवर आला आणि ६ कोटींच्या पुढे गेला. नवीन बॅटल मोड सोडला तर सुरुवातीला फार काही वेगळं नव्हतंही. नाटक चांगलं होतं, थिएटर आडगल्लीत होतं.

वी यूचे गेम स्विचवर पुन्हा विकणं म्हणजे ‘शिळ्या कढीला ऊत’ म्हणणाऱ्यांचंही मला पटतं, निदान अर्धं. ‘डाँकी काँग’चा ‘ट्रॉपिकल फ्रीझ’ २०१४ मध्ये वी यूवर अमेरिकेत ५० डॉलरला होता. चार वर्षांनी स्विचवर ६० डॉलर! जुना गेम स्वस्त व्हायला हवा की महाग? बदल्यात फंकी काँग खेळायला मिळतो आणि लोडिंग लवकर होतं. घेताना मी कुरकुरलो, आणि घेतला. कारण याच गेममध्ये, टीव्हीवर खेळताना, वी यूच्या गेमपॅडचा (हातात धरायच्या, पडदेवाल्या कंट्रोलरचा) पडदा चक्क काळा राहतो. ज्या पाटीसाठी एवढा खटाटोप, ती हातात नुसतीच धरून बसायची.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. ‘पिकमिन ३’ हा इवल्या जिवांच्या टोळ्या हाकायचा गेम खेळताना नकाशा कायम मांडीवर असणं हे सुख वेगळंच. कोणती टोळी फळ ओढतेय, कोण वाट चुकलंय, खाली एक नजर टाकली की कळतं. स्विचवर त्यासाठी बटण दाबून नकाशा उघडावा लागतो. फार मोठी गोष्ट नाही, पण लय तुटते. ‘विंड वेकर एचडी’मध्ये खेळ न थांबवता पडद्यावर बोटानं सामान बदलता येतं, आणि ती एचडी आवृत्ती स्विचवर आलीच नाही. ‘निंटेंडो लँड’ तर त्या दोन पडद्यांसाठीच जन्मला. त्याला दुसरीकडे नेणं म्हणजे पाण्याबाहेर मासा.

मग माझं मन स्विचकडे कशानं वळलं? ट्रान्सफॉर्मरनं.

माझा वी यू मामेभावानं अमेरिकेहून आणलेला. तिथल्या मशीनचा अडॅप्टर १२० व्होल्टचा, आपल्या भिंतीत २३०. त्यामुळे स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर आला: विटेएवढा, विटेपेक्षा जड, आणि सतत ‘हूंऽऽ’ करणारा. गेमपॅडचा चार्जरही त्यावरच. चालू केल्यावर अर्ध्या तासात तो कोमट व्हायचा, मग आई येऊन हात लावून बघायची आणि म्हणायची, ‘बंद कर तो डबा, घर पेटवशील.’ ‘विंड वेकर’मध्ये रात्री समुद्रात एकट्यानं होडी हाकताना लाटांच्या आवाजाखाली ही गुणगुण. एकदा घाईत मी अडॅप्टर सरळ भिंतीत खुपसला. चूक सर्वस्वी माझी. बारीकसा ‘टक’, वास, आणि मामेभावाच्या पुढच्या फेरीपर्यंत सात महिने वी यू उशीसारखा पडून. स्विचचा अडॅप्टर कुठेही चालतो. गावी लाइट गेली तरी हातात धरून मारिओच्या ‘३डी वर्ल्ड’ची एखादी पातळी सहज होते. हे मोजमाप नव्हे, मान्य. पण त्या सात महिन्यांनंतर मला मोजमापाची गरजही वाटली नाही.

त्यात रीजन लॉक. अमेरिकेच्या मशीनवर अमेरिकेचीच डिस्क. युरोपातून आलेली ‘बायोनेटा २’ मी स्वस्तात उचलली होती. ती आता पुस्तकांच्या कपाटात आहे. मित्राला म्हणूनच सांगितलं, आधी मशीन कुठल्या देशाचं आणि डिस्क कुठल्या, ते उलटून वाच. गेमपॅड चालू आहे का तेही बघ, त्याच्याशिवाय सेटिंगसुद्धा धड करता येत नाही. शिवाय २७ मार्च २०२३ पासून वी यूवरच्या ऑनलाइन दुकानात नवी खरेदी बंद आहे, म्हणजे ‘मारिओ कार्ट’चे डिस्कवर नसलेले जादाचे ट्रॅक आता विकत मिळणार नाहीत. एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन खेळणंही थांबलं.

तेव्हा स्विचवर पुन्हा काढावेत का हे गेम? मला वाटतं, काढावेतच. आणि राहिलेलेही काढावेत, किंमत जरा जनाची नाही तर मनाची धरून लावली तर बरं. ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स एक्स’ची वाट आम्ही २०१५ पासून बघितली, तो २०२५ मध्ये स्विचवर आला. एरवी तो माझ्यासारख्या ट्रान्सफॉर्मरवाल्यांपुरताच उरला असता. पण कोणाला वी यू फुकटात, सुस्थितीत मिळत असेल आणि घरात चार-पाच पोरं जमत असतील, तर मी नको म्हणणार नाही.

आमच्याकडे दिवाळीला भाचरं येतात. ‘निंटेंडो लँड’मधल्या ‘मारिओ चेस’साठी वी यू माळ्यावरून उतरतो. एकजण गेमपॅड छातीशी लपवून बसतो, बाकीचे टीव्हीत बघून त्याला शोधत ओरडत राहतात. त्या गोंगाटात ट्रान्सफॉर्मर ऐकू येत नाही. आई मात्र अजून हात लावून बघते.